उलटी मुरड

१

घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत सणाची कढई चढत नाही. त्या दिवाळीत त्या घरात तळण होत नाही. फराळ शेजारपाजारचे आणून देतात. उत्तराला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, आणि निवृत्तीनंतर महापालिकेशी भांडायचा धंदा मांडलेला. गटाराचं झाकण, एमआयडीसीतून येणारा उग्र वास, वर्षभर उकरून ठेवलेला रस्ता, तिने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. नियम समोर आला की त्यातली फट शोधायची, ही तिची जुनी खोड.

"कढई चढवायची नाही ना? मी कुठे चढवतेय? ओव्हन आहे तो. आणि हॅलोविन हा काय आपला सण आहे?"

बाळ, तिचा नवरा, पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "आईला पटलं असतं का हे?"

"माई नाहीयेत म्हणूनच तर हा प्रश्न आलाय."

माई म्हणजे बाळची आई. श्रावणात गेली, डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या याच फ्लॅटमधे, आतल्या खोलीत.

ऑर्डर आणली होती लेकीने. मैथिली ठाण्यात माजिवड्याच्या एका टॉवरमधे भाड्याने राहायची. यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आलेले, तेव्हा तिथल्या कमिटीने दोन्ही मिळून एकच पार्टी ठरवली. मुलांनी भुतांचे पोशाख घालायचे आणि हातात पणत्या घ्यायच्या. उत्तराने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली की सकाळी नरकासुराला मारायचं आणि संध्याकाळी त्यालाच चहाला बोलवायचं, छान चाललंय तुमचं. मैथिली हसली. बेकरीतले पॅटिस रबरासारखे असतात, म्हणाली. तू कर, माईआजीच्या साट्याच्या करंज्या असायच्या ना, तशाच, फक्त आत मटार भर.

नाही म्हणणं उत्तराला जमलं नाही. येत्या रविवारी मैथिली पुन्हा नेदरलँड्सला निघणार होती, दोन वर्षांसाठी. मागच्या खेपेला ती तिकडे असतानाच माई गेली. पोरीला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

२

चतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नानं आटोपली आणि शेजारची संचिता फराळाचं ताट घेऊन आली. घरात मटाराच्या सारणाचा घमघमाट होता. संचिताने ओट्याकडे पाहिलं, मग उत्तराकडे पाहिलं.

"काकू, यंदा तुमच्याकडे…"

"ओव्हन आहे," उत्तरा म्हणाली.

संचिताने ताट ओट्यावर ठेवलं. ते रिकामं करून घ्यायलाही न थांबता ती गेली.

काम तसं नेमकं होतं. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर तूप आणि तांदळाच्या पिठीचा फेटलेला लेप, म्हणजे साटा, फासायचा. वर दुसरी पोळी, पुन्हा साटा. मग गुंडाळी करून लाट्या कापायच्या. भाजलं की पापुद्रे सुटतात. ही विद्या माईची. करंजीत सारण भरून अर्धचंद्र मिटायचा, कडेला दुधाचं बोट लावायचं. इथवर माई आणि उत्तरा सारख्याच. पुढे माई कडेला हाताने मुरड घालायची, वेणीसारखी बारीक. उत्तराने काटा घेतला आणि कडा दाबून टाकल्या. काट्याच्या खुणा राक्षसाच्या दातांसारख्या दिसतील आणि वर दोन मिरे लावले की डोळे. पोरं खूश.

पहिला ट्रे निघाला. सोनेरी, फुललेला, एकेक पापुद्रा मोजून घ्यावा असा. उत्तरा स्वतःवर खूश होऊन जाळीवर एकेक करंजी मांडत गेली आणि एका करंजीवर तिचा हात थांबला.

तिला दात नव्हते. कडेला मुरड होती.

उत्तराने ती उचलली, चटका बसला, खाली ठेवली. सवयीने घातली गेली असेल आपल्याच हातून, असं तिला वाटलं. इतकी वर्षं माईच्या शेजारी बसून करंज्या केल्या. हात स्वतःच्या मनाने चालतात. कारण सापडलं की उत्तराचा श्वास नेहमी सरळ होतो. या खेपेला झाला नाही. काय खटकतंय ते कळायला तिला जरा वेळ लागला.

मुरड उलटी होती.

उजव्या हाताने घातलेली मुरड एका अंगाला वळते. ही दुसऱ्या अंगाला वळलेली होती. माई डावरी होती. लहानपणी तिच्या त्या हातावर फटके बसले, जेवायला आणि लिहायला उजवा हात आला, पण करंजीला डावाच राहिला. अख्ख्या नात्यागोत्यात माईची करंजी ताटात ओळखू यायची.

३

उत्तराने आधी बाळला विचारलं. तो हॉलमधे आकाशकंदिलाची वायर सोडवत बसलेला. यंदा कंदील लावायचा नव्हता, तरी सोडवत होता. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही म्हणाला. त्याच्या हाताला पीठ नव्हतं. आणि साठ वर्षांत त्याने करंजी खाण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

मग तिने स्वतः करून पाहिली. एक लाटी घेतली, मिटली, आणि डाव्या हाताने मुरड घालायचा प्रयत्न केला. पीठ फाटलं. दुसरी घेतली. तीही फाटली. म्हणजे नकळत सुद्धा आपल्या हातून हे होणं शक्य नाही, हे तिने सिद्ध केलं, आणि सिद्ध केल्यावर तिला वाटलं की केलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसरा ट्रे तिने परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा भरला. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. प्रत्येक करंजी काट्याने दाबली, दाबलेली पुन्हा तपासली, आणि ट्रे ओव्हनमधे सरकवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत सगळ्यांना दात होते. मग स्टूल ओढून ती ओव्हनच्या काचेसमोर बसली आणि उठली नाही. आत नारिंगी उजेड. बाहेर खाली कोणीतरी लवंगी माळ लावली, कुत्री केकाटत पळाली, पुन्हा शांत झालं. करंज्या फुगत गेल्या. एकही कड हलली नाही.

ट्रे बाहेर काढला. सगळ्यांना दात. उत्तरा मोठ्याने हसली. पहाटे उठलेय, पोटात धड अन्न नाही, आणि वरून सुतकाचं वर्ष. मेंदू काय वाटेल ते दाखवतो. वर्गात मुलांना सांगायची तसंच तिने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या ट्रेच्या करंज्या तिने बसण्याआधीच काट्याने दाबून ओट्यावर कच्च्याच मांडून ठेवलेल्या होत्या, तिच्या पाठीमागे. ती वळली.

दुधाची वाटी जागेवर नव्हती. उत्तरा वाटी नेहमी पोळपाटाच्या उजवीकडे ठेवते. आता ती डावीकडे होती, आणि आतलं दूध अजून हलत होतं.

ट्रेच्या कोपऱ्यात एका करंजीला मुरड घातलेली होती. कड दुधाने ओली. शेवटच्या वळणाशी, जिथे माई अंगठ्याने चिमूट दाबून मुरड संपवायची, तिथे अंगठ्याचा ठसा होता.

४

तिने बाळला हाक मारली. आवाज आपला वाटला नाही तिला.

बाळ आला, ट्रेकडे पाहिलं आणि उभ्याउभ्या ओट्याचा आधार घेतला. उत्तराला वाटलं होतं तो काहीतरी कारण सांगेल, आणि मग आपण त्याच्याशी भांडू. तो ती करंजी नुसती पाहत राहिला. डोळे भरून आलेले.

"ही आईची मुरड आहे, उत्तरा."

"दिसतेय मला."

"मग कोणासाठी आहे तेही दिसत असेल."

ते बोलायची गरज नव्हती. गौर जायला निघते तेव्हा तिच्या नैवेद्याला मुरडीचा कानवला, म्हणजे मुरड घातलेली करंजी, असतो. लेक सासरी निघाली की तिच्या पानातही तोच वाढतात. ज्याने खाल्ला तो त्या हाताकडे परत येतो. माईचा यावर जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवर नव्हता. मागच्या खेपेला मैथिली निघाली तेव्हा माई अंथरुणाला खिळलेली. तरी उठून भिंतीला पाठ लावून बसली, थरथरत्या डाव्या हाताने एकच कानवला केला आणि तळायला उत्तराकडे दिला. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. मैथिलीने आजीचा मुका घेतला, आल्यावर खाते म्हणाली आणि धावली. कानवला वाटीखाली झाकून राहिला. नंतरचे आठवडे माई येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच सांगायची, पोरीने खाल्ला नाही गं, तशीच गेली. दुसरं बोलणं हळूहळू बंदच झालं तिचं.

"त्या हाताकडे म्हणजे आता कुठे परत यायचं, बाळ?" उत्तराने विचारलं. एरवी ती त्याला 'अहो' म्हणायची. "कुठे आहे तो हात? सांग मला."

बाळ एवढंच म्हणाला की आई कधी कोणाचं वाईट चिंतणार नाही. तिला पोर हवीय फक्त. आणि मग हात पुढे करून ती कच्ची कड हळूच चाचपून पाहिली, आजाऱ्याचं कपाळ चाचपावं तशी.

उत्तराने ट्रे त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

५

भाजलेली एक आणि कच्ची एक, अशा दोन्ही करंज्या तिने कागदावर घेतल्या आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवल्या. अन्न कचऱ्यात टाकायचं तिच्या जिवावर आलं. कावळे खातील, संपेल विषय, असं तिने ठरवलं. कावळे आलेही. समोरच्या केबलवर ओळीने बसले, माना वाकड्या करून पाहत राहिले आणि एकही खाली उतरला नाही. खालच्या गल्लीत बॉम्ब फुटला तरी उडाले नाहीत. शेवटी उत्तरा स्वतः जिना उतरली आणि सोसायटीमागच्या नाल्यात, ज्याच्याबद्दल तिने आजवर अर्जांचा ढीग लावला होता, त्या फेसाळ हिरव्या पाण्यात दोन्ही करंज्या टाकल्या. कच्ची बुडाली. भाजलेली बराच वेळ तरंगत राहिली.

वर आली तर मैथिलीचा फोन वाजत होता. गाडी घेऊन येऊ का, ती विचारत होती; घरूनच एकत्र निघू, म्हणजे रविवारच्या आधी घरी चक्करही होईल.

"नको," उत्तरा म्हणाली. "तू इथे येऊ नकोस."

मग मैथिलीने सावकाश विचारलं, "का गं? काय झालं?"

"रस्त्यात ट्रॅफिक आहे. आम्हीच येतो."

ऑर्डर रद्द करावी, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण मग कारण काय सांगणार? आणि रद्द केली तर पोरगी काळजीने इकडेच येईल, याच स्वयंपाकघरात येऊन उभी राहील. त्यापेक्षा हे सगळं घेऊन आपणच या घरापासून लांब, उजेडात, माणसांच्या गर्दीत जावं. रविवारपर्यंत तिला डोंबिवलीचं तोंड बघू द्यायचं नाही. एकदा विमान उडालं की मग कोणाची मुरड आणि कोणाचं काय.

उरलेले ट्रे तिने ओट्याकडे तोंड करून भरले आणि दुधाच्या वाटीवर एक हात ठेवून भाजले. मागे, फ्रिजच्या बाजूला, जिथे माई पाट टाकून बसायची, तिथून मधेच एक बारीक आवाज यायचा. चट्. दुधात बुडवलेलं बोट कडेवरून सुटताना होतो तेवढाच. उत्तराने वळून पाहिलं नाही. ओव्हनचा पत्रा तापला की वाजतो, हे तिला माहीत होतं. पत्रा समोर होता आणि आवाज मागून येत होता, हेही तिला माहीत होतं.

६

माणकोलीच्या पुलावरून गाडी निघाली तेव्हा खाडीवर ऊन उतरत होतं. बाळ गाडी चालवत होता. उत्तराने डबे मांडीवर घेतले आणि एकेक उघडून प्रत्येक करंजी बोटांनी तपासली. दात, दात, दात. शेवटचा डबा बंद केला तेव्हा माजिवड्याचा नाका आलेला आणि तिच्या लक्षात आलं की पोळपाटाशी उभं राहिल्यापासून आत्ता पहिल्यांदा आपण पाठ टेकून बसलोय.

क्लबहाउस झेंडूच्या माळा आणि कागदी वटवाघळांनी भरलेलं. पांढऱ्या चादरीतली भुतं पणत्या सांभाळत हिंडत होती, आया मागून ओरडत होत्या की चादर पेटेल. बाळ डबे टेबलावर ठेवून गेला, गाडी नीट लावून येतो म्हणाला. एका माणसाने उत्तराला विचारलं की हे बेक्ड आहे ना, आणि तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दोन घेऊन गेला.

मैथिली कमिटीच्या कामात होती. बऱ्याच वेळाने भेटली, डोक्यावर काळी टोकदार टोपी, गालावर काढलेला कोळी. उत्तराने तिला मिठी मारली, जरा जास्तच वेळ. मग डब्यातून स्वतःच्या हाताने एक करंजी काढली, दातांची, आणि तिच्यापुढे धरली. ही खाऊ दे तिला. ही माझ्या हातची.

मैथिलीने मान हलवली. "पोट भरलंय गं. मघाशीच खाल्ली मी."

"यातली?"

"नाही. बाबांनी दिली ना. खाली पार्किंगमधे." ती हसली. "हे काय, तूच दिलीस ना बांधून? माईआजीच्या छोट्या पितळी डब्यात होती. मुरडवाली. अगदी तिच्या हातची वाटली, खरं सांगते. रडूच आलं मला."

उत्तराच्या हातातली करंजी तशीच राहिली.

तिसरा ट्रे. तो ओढून घेताना तिने कोपऱ्यातली मुरड तेवढी उचलली होती. नाल्यावर गेली तेव्हा घरात बाळ एकटा होता, ओव्हन गरम होता, आणि बाकीचा ट्रे, तिच्या पाठीमागे, ओट्यावर उघडा होता. त्यात आणखी एखादी मुरड आहे का, ते तिने पाहिलंच नव्हतं.

७

बाळ दारात उभा होता. आत येत नव्हता. उत्तरा त्याच्याजवळ गेली. आयुष्यभरातली सगळी भांडणं एकत्र करून त्याच्या अंगावर घालावीत असं तिला वाटत होतं, आणि तोंडातून निघालं एवढंच, "का केलंस?"

"आईने तिच्यासाठी केली होती," बाळ म्हणाला. "मी नुसती पोचवली. आता तरी आईचा जीव थांबेल, उत्तरा. पोर दोन वर्षांनी सुखरूप परत येईल. एवढंच असतं त्यात. एवढंच तर असतं."

तो हे तिला सांगत होता की स्वतःला, ते त्यालाही कळत नसावं.

उत्तरा परत वळली. मैथिली टेबलाशी उभी होती. टोपी काढून ठेवलेली. तिच्याशी कोणी काकू बोलत होत्या आणि ती मान डोलवत होती, पण लक्ष तिकडे नव्हतं. तिच्या हातात एक कागदी नॅपकिन होता. त्याची कड ती बोटांनी दुमडत चालली होती, बारीक, एकसारखी, एकावर एक. कडेच्या शेवटाला आली आणि अंगठ्याने चिमूट दाबली.

मैथिली उजव्या हाताची. मुरड घालायला ती जन्मात कधी बसली नव्हती. आणि हात डावा चालत होता.

"मैथिली."

तिने वर पाहिलं. चेहरा तिचाच होता. थकलेला, जरा लाजल्यासारखा. "आई, मी येऊ तुमच्याबरोबर? डोंबिवलीला? आजची रात्र घरी झोपते."

"आज नको. उद्या बघू."

"नाही, आजच. किती वेळ बसवून ठेवायचं?"

"कोणाला?"

मैथिलीने प्रश्न ऐकलाच नाही बहुतेक. ती पर्स घेऊन निघाली सुद्धा. उत्तरा तिच्या मागे धावली, चादरीतल्या भुतांना बाजूला सारत, पणत्या चुकवत. पोरीचं मनगट धरलं. मनगट गरम होतं, जिवंत होतं, आणि बोटांची टोकं ओली होती. ती ओली बोटं उत्तराने स्वतःच्या नाकाशी नेली. दूध.

खाली बाळने गाडी काढून ठेवलेली. मागचं दार उघडं होतं. मैथिली आत शिरली, मधे सरकली आणि तिथेच थांबली. पलीकडची, डाव्या बाजूची जागा तिने मोकळी सोडली. त्या जागेवरचं सीट कव्हर आत दबलेलं होतं. पार्किंगमधला दिवा त्याच्यावर पडत होता, आणि कव्हरवर पांढरं काहीतरी सांडलेलं होतं, पिठीसारखं.

उत्तरा पोरीच्या शेजारी बसायला वाकली. मैथिलीने हळूच हात आडवा धरला.

"आई, तू पुढे बस ना," ती म्हणाली. "मागे जागा नाहीये."

उतरून पळून जावं, पोरीला ओढून काढावं, ओरडावं, असं सगळं उत्तराच्या अंगातून एकदमच गेलं. पण पोरगी आत होती. ती पुढे बसली. पट्टा लावला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाळने आरसा नीट केला. त्यात पाहिलं, बराच वेळ. मग डोळे पुसले आणि गाडी अगदी हळू काढली, म्हातारं माणूस मागे बसलेलं असलं की काढतात तशी.

चट्, मागून आवाज आला. आणि जरा वेळाने, त्याच्या अगदी शेजारून, दुसरा.